नाव नसलेला विनोद : अमेरिकन बाल-हास्यचित्रकथांचा पुनर्शोध आणि कर्तृत्वनिश्चितीचा प्रश्न

‘अज्ञातकर्तृक’ ही संज्ञा वाङ्मयेतिहासात सामान्यतः प्राचीन वा मध्ययुगीन रचनांच्या संदर्भात योजली जाते. हस्तलिखितांच्या नकलांमधून, मौखिक परंपरेतून आणि सांप्रदायिक संस्कारांमधून प्रवास करताना कर्त्याचे नाव गळून पडणे स्वाभाविक मानले जाते. परंतु मुद्रणाच्या भरभराटीच्या काळात, दरमहा लाखो प्रतींनी खपणारे, कालक्रमाने अगदी अलीकडचे साहित्यदेखील अज्ञातकर्तृक राहू शकते, ही बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यातील अमेरिकन बाल-हास्यचित्रकथा हे याचे ठळक उदाहरण होय. लहान मुलांना हसविण्यासाठी निघालेल्या या दहा सेंट किमतीच्या पुस्तिकांमध्ये उच्च दर्जाचे कथनकौशल्य आढळते, असे आज अनेक अभ्यासक मानतात. मात्र ते कौशल्य कोणाचे, हे शोधून काढण्याचे काम प्रथम विद्यापीठांनी नव्हे, तर वाचकांनी केले. ‘किरकोळ माहिती’ म्हणून हेटाळल्या जाणाऱ्या तपशिलांमधून हे संशोधन उभे राहिले. या पुनर्शोधाचे स्वरूप, त्याची पद्धती आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. निनावीपणाची घडण

या चित्रकथांचे निनावीपण हा योगायोग नव्हता. ते उत्पादनव्यवस्थेचेच अंग होते. वेस्टर्न प्रिंटिंग ही मुद्रणसंस्था कथा व चित्रे तयार करून घेई आणि ‘डेल’ ही प्रकाशनसंस्था त्या पुस्तिका वितरित करी. हे सहकार्य १९६२ पर्यंत चालले. डोनाल्ड डक, बग्ज बनी यांसारखी लोकप्रिय पात्रे चित्रपटसंस्थांकडून परवान्याने घेतलेली असत. साहजिकच पुस्तिकेवर नाव झळके ते पात्राच्या स्वामीचे. डोनाल्ड डकची प्रत्येक कथा वॉल्ट डिझ्नी स्वतःच काढतात, अशी बालवाचकांची समजूत होत असे आणि ती दूर करण्याचे प्रकाशकाला काही कारण नव्हते. लेखक-चित्रकाराला पानामागे ठरलेला मोबदला मिळे. नाव, स्वामित्वधन अथवा पुनर्मुद्रणाचा वाटा मिळत नसे.

दुसरे कारण समीक्षेच्या प्रांतातले आहे. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ दि इनोसंट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने चित्रकथांच्या बालमनावरील परिणामांची चौकशी केली आणि व्यावसायिकांनी ‘कॉमिक्स कोड’ ही आचारसंहिता स्वीकारली. डेल या संहितेत सामील झाली नाही. आपल्या पुस्तिका मुळातच निर्मळ आहेत, अशी ग्वाही ती पालकांना देत राहिली. वादळ मुख्यतः गुन्हेगारी व भयकथांभोवती घोंगावले. हास्यचित्रकथांच्या वाट्याला त्या मानाने थोडी निंदा आली, आणि चिकित्सा तर त्याहूनही थोडी आली. जे निरुपद्रवी तेच नगण्य, असा हा एकूण न्याय होता.

तिसरे कारण निव्वळ भौतिक आहे. स्वस्त लाकडी लगद्याचा कागद लवकर पिवळा पडून ठिसूळ होई. मुले पुस्तिका फाटेपर्यंत वाचत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत असंख्य प्रती लगद्यात गेल्या. ग्रंथालये त्या जतन करीत नसत. अशा रीतीने विपुल खप आणि दुर्मीळता या परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच साहित्याच्या नशिबी आल्या. ‘वॉल्ट डिझ्नीज कॉमिक्स अँड स्टोरीज’ या मासिकाचा खप १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात दरमहा ३० लाख प्रतींच्या पुढे गेला होता. तरीही त्यातील उत्तम कथांचा कर्ता कोण, हे सांगू शकेल असा सामान्य वाचक जवळजवळ नव्हता.

२. शैलीवरून ओळखलेला कर्ता : कार्ल बार्क्स

या मासिकातील बदकांच्या कथा अनेक हातांनी लिहिल्या-रेखाटल्या जात. तथापि त्यांतील काही कथा इतरांहून वेगळ्या व सरस आहेत, हे चोखंदळ बालवाचकांनी पुष्कळ आधी ओळखले होते. नाव ठाऊक नसल्यामुळे त्यांनी या अनामिक कलावंताला ‘बदके चांगली काढणारा चित्रकार’ अशा अर्थाची एक उपाधीच देऊन टाकली. पात्रांच्या मुद्रांतील सूक्ष्म फरक, घटनांची कार्यकारणयुक्त गुंफण, दूरदेशांच्या चित्रणातील तपशील आणि शेवटी नायकाच्या पदरी पडणारी उपरोधिक निराशा ही या कथांची लक्षणे होती. पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगायचे तर बाह्य पुराव्याच्या संपूर्ण अभावी हे वाचक केवळ अंतर्गत पुराव्याच्या बळावर एका कर्त्याचे लेखन वेगळे काढीत होते.

बाह्य पुरावा हाती आला तो १९६० साली. कॅलिफोर्नियातील जॉन स्पायसर या तरुण वाचकाने चित्रकाराचे नाव मिळवून त्याला पत्र लिहिले आणि त्याला उत्तरही आले. तो कलावंत म्हणजे कार्ल बार्क्स (१९०१–२०००). ऑरेगन राज्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले बार्क्स १९३५ साली डिझ्नी चित्रपटसंस्थेत दाखल झाले, १९४२ साली तेथून बाहेर पडले आणि पुढे १९६६ साली निवृत्त होईपर्यंत चित्रकथाच रचीत राहिले. डोनाल्डचा धनाढ्य व कंजूष काका स्क्रूज मॅकडक ही त्यांचीच निर्मिती. हे पात्र प्रथम १९४७ सालच्या एका नाताळकथेत अवतरले. म्हणजे पहिले वाचकपत्र हाती पडले त्या वेळी त्यांच्या कारकिर्दीची सुमारे अठरा वर्षे उलटून गेली होती.

बार्क्स यांच्या विनोदाची जात समजण्यासाठी ‘लॉस्ट इन दि अँडीज’ (१९४९) ही कथा पाहता येईल. वस्तुसंग्रहालयात नोकरी करणाऱ्या डोनाल्डला चौकोनी अंडी सापडतात. ती कोठून आली याचा माग काढीत तो पुतण्यांसह अँडीज पर्वतातील धुक्याने वेढलेल्या खोऱ्यात जाऊन पोहोचतो. तेथे सारेच चौकोनी आहे आणि रहिवासी मात्र अमेरिकेच्या दक्षिण भागातील हेल काढून इंग्रजी बोलतात, कारण पूर्वी येऊन गेलेल्या एका अमेरिकन प्राध्यापकाने त्यांना तीच भाषा शिकविली आहे. अनंत संकटे सोसून डोनाल्ड दोन चौकोनी पक्षी घेऊन परततो आणि ते दोन्ही कोंबडे निघतात. शोधमोहिमेचे गांभीर्य, संस्कृतिसंपर्कातील विसंगती आणि फलप्राप्तीचा विपर्यास असे विनोदाचे तीन थर एका बालकथेत सहजपणे एकत्र नांदतात. दूरदेशांचे तपशील बार्क्स ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या मासिकाच्या अंकांतून टिपून घेत. कर्त्याचे नाव कळल्यावर जे तपशील गोळा झाले, त्यांतला हा एक. आणि कथांतील स्थलचित्रणाचा उलगडा त्यामुळेच होतो.

३. शैलीच्या पुराव्याची मर्यादा : ‘लिट्ल लुलू’

बार्क्स यांच्या बाबतीत कथा आणि चित्र बहुधा एकाच हाताचे असल्याने शैलीवरून कर्ता ओळखणे तुलनेने सोपे होते. ‘लिट्ल लुलू’च्या संदर्भात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. लुलू हे पात्र मार्जोरी हेंडरसन ब्यूएल यांनी १९३५ साली ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या साप्ताहिकातील एकचौकटी हास्यचित्रांसाठी निर्माण केले. ‘मार्ज’ ही त्यांची स्वाक्षरी. १९४५ साली लुलूच्या चित्रकथा-पुस्तिका निघू लागल्या तेव्हा मुखपृष्ठावर मार्ज हेच नाव राहिले. कथा मात्र जॉन स्टॅन्ली (१९१४–१९९३) यांच्या होत्या. आरंभीच्या काही पुस्तिकांची चित्रे त्यांनी स्वतः काढली. पुढे ते प्रत्येक पानाचा चौकटनिहाय कच्चा आराखडा, पात्रांच्या हालचाली व संवादांसह, तयार करून देत आणि आयर्व्हिंग ट्रिप व इतर चित्रकार त्यावरून अंतिम रेखाटन करीत.

म्हणजे येथे कर्तृत्वाचे किमान चार थर दिसतात : पात्राची जननी, कथेचा रचनाकार, अंतिम रेषेचा धनी आणि पुस्तिकेचा उत्पादक. केवळ रेषेवरून कर्ता ठरवू जाता शोध ट्रिप यांच्यापाशी थांबेल. मुखपृष्ठावरून ठरवू जाता मार्ज यांच्यापाशी. स्टॅन्ली दिसतात ते कथेच्या बांधणीत. टबी व त्याचे मित्र आपल्या क्लबवर मुलींना मज्जाव करणारी पाटी लावतात आणि लुलू बुद्धिचातुर्याने त्यांच्यावर मात करते, या एकाच बीजाची ते वर्षानुवर्षे नवनवी रूपे घडवितात. शेजारच्या हट्टी आल्विनला गप्प करण्यासाठी लुलू रानफळे वेचणाऱ्या गरीब मुलीची आणि हेझल चेटकिणीची गोष्ट रचून सांगते. गुप्तहेर बनलेल्या टबीचा संशय प्रत्येक वेळी लुलूच्या वडिलांवरच जातो. पुनरावृत्तीतून अपेक्षा निर्माण करायची आणि ती थोडीशी चुकवून हशा मिळवायचा, हे हे तंत्र होय. रेषा कोणाचीही असली तरी ते लपत नाही.

१९५९ च्या सुमारास स्टॅन्ली लुलूपासून दूर झाले. नंतर त्यांनी ‘थर्टीन गोइंग ऑन एटीन’ (१९६१ पासून) व ‘मेल्व्हिन मॉन्स्टर’ (१९६५ पासून) यांसारख्या मालिका लिहिल्या. राक्षसकुळात जन्मूनही सभ्य वागू इच्छिणारा, शाळेत जाण्याची आस बाळगणारा मेल्व्हिन आणि त्याच्या या ‘अवगुणां’नी चिंतित झालेले आईवडील अशी दुसऱ्या मालिकेची कल्पना. त्याची आई खरोखरच पट्ट्यांत गुंडाळलेली ‘ममी’ आहे. या मालिका अल्पायुषी ठरल्या. स्टॅन्ली यांनी चित्रकथांचे क्षेत्र सोडले आणि ते रेशीमपडदा-छपाई करणाऱ्या एका संस्थेत काम करू लागले. १९७६ साली बोस्टन येथील चित्रकथाप्रेमींच्या संमेलनास ते उपस्थित राहिले, परंतु त्यांच्या मुलाखती मोजक्याच झाल्या. बार्क्स यांच्याविषयीची सामग्री विपुल आणि स्टॅन्ली यांच्याविषयीची त्रोटक, हा फरक केवळ कलागुणांचा नाही. प्रश्न विचारणारे कोणाच्या दारी केव्हा पोहोचले, यावर तो अवलंबून आहे.

४. उशीर झालेला शोध : कार्लसन आणि मेयर

जॉर्ज कार्लसन (१८८७–१९६२) यांच्या बाबतीत हा उशीर पुरता झाला. ‘जिंगल जँगल कॉमिक्स’ या पुस्तिकेचे ४२ अंक १९४२ ते १९४९ या काळात निघाले. त्यांतील प्रेट्झेलबर्गच्या राजपुत्राच्या कथांत कार्लसन यांनी शब्दखेळ, तर्कविपर्यास आणि गच्च भरलेल्या चौकटी यांच्या साहाय्याने एक असंगत विश्व उभे केले. ‘गॉन विथ द विंड’ या १९३६ सालच्या विख्यात कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीचे वेष्टन त्यांनीच रेखाटले होते. हा तपशील एरवी प्रश्नमंजूषेत शोभावा असा. परंतु एकच कलावंत प्रतिष्ठित ग्रंथव्यवहारात आणि उपेक्षित बालपुस्तिकांत एकाच वेळी कसा वावरत होता, याचा तो पुरावा ठरतो. हार्लन एलिसन यांनी लहानपणी वाचलेल्या या कथांचे महत्त्व विशद करणारा लेख ‘ऑल इन कलर फॉर अ डाइम’ (१९७०) या संग्रहात समाविष्ट केला, तेव्हा कार्लसन यांच्या निधनाला आठ वर्षे झाली होती. कथा उरल्या, त्या कशा सुचल्या, हे त्यांना विचारण्याची वेळ मात्र टळली होती.

शेल्डन मेयर (१९१७–१९९१) यांची कथा निराळी आहे. १९३८ साली अनेकांनी नाकारलेल्या ‘सुपरमॅन’ची शिफारस करणारा तरुण संपादक म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले जाते. त्यांची स्वतःची श्रेष्ठ निर्मिती मात्र ‘शुगर अँड स्पाइक’ (१९५६–१९७१) ही होय. दोन तान्ही मुले परस्परांशी बोबड्या भाषेत बोलतात. ती भाषा त्यांना व वाचकांना समजते, मोठ्यांना मात्र निरर्थक वाटते. मोठ्यांच्या वागण्याचा ही मुले आपल्यापरीने जो अर्थ लावतात, त्यातून विनोद निष्पन्न होतो. भाषा आणि आकलन यांचा एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या या मालिकेचे ९८ अंक निघाले. दृष्टिदोषामुळे मेयर यांना ती थांबवावी लागली. पुढे शस्त्रक्रियेनंतर त्यांनी परदेशी बाजारपेठांसाठी आणखी कथा रचल्या, परंतु त्यांतील फारच थोड्या अमेरिकेत प्रसिद्ध झाल्या. कर्ता ज्ञात असूनही लेखनसंभार अपूर्ण राहू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

५. किरकोळ माहिती आणि तिची पारख

पुनर्शोधाच्या या प्रक्रियेत हौशी वाचकांनी जमविलेल्या माहितीचे स्थान मध्यवर्ती आहे. जेरी बेल्स व हेम्स वेअर यांनी १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकन चित्रकथाकारांचा चार खंडांचा नामकोश प्रसिद्ध केला. मायकेल बॅरिअर यांनी बार्क्स यांच्यावरील ग्रंथ १९८१ साली आणि डेलच्या हास्यचित्रकथांचा इतिहास २०१५ साली सिद्ध केला. बार्क्स यांच्या समग्र कथांचे तीस खंड १९८३ ते १९९० या काळात निघाले, तर स्टॅन्ली यांच्या दुर्लक्षित मालिकांच्या संग्रहांना २००९ साली प्रारंभ झाला. त्याच वर्षी आर्ट स्पीगलमन व फ्रान्स्वाज मूली यांनी जुन्या बालचित्रकथांचा एक बृहत्संग्रह संपादित केला. म्हणजे नामनिश्चिती, सूची, चरित्र, समग्र आवृत्ती आणि निवडक संपादन हा ग्रंथसंशोधनाचा परिचित क्रम येथेही दिसतो.

पाठचिकित्सेचेही एक बोलके उदाहरण सांगता येते. ‘बॅक टू दि क्लॉन्डाइक’ (१९५३) या स्क्रूजकथेतील मद्यगृहातील मारामारीचा प्रसंग व त्यालगतची काही पाने बालवाचकांस अनुचित मानून छपाईपूर्वीच वगळण्यात आली होती. ही पाने १९८१ सालच्या संग्रहात पुन्हा समाविष्ट झाली. वगळलेल्या भागामुळे स्क्रूज आणि गोल्डी यांच्या जुन्या संबंधाचा संदर्भ अधिक स्पष्ट होतो आणि कंजूष म्हाताऱ्याच्या अखेरच्या औदार्याला निराळे परिमाण लाभते. मुलांच्या पुस्तिकेलाही ‘मूळ पाठ’ असतो आणि तो शोधावा लागतो, हे यातून दिसते.

मात्र प्रत्येक रंजक तपशील विश्वसनीय नसतो. १९४९ सालच्या एका कथेत बार्क्स यांनी बुडालेली नौका टेबल-टेनिसच्या चेंडूंच्या साहाय्याने वर आणलेली दाखविली. १९६४ साली डॅनिश अभियंता कार्ल क्रॉयर यांनी कुवेतच्या बंदरात बुडालेले जहाज प्लास्टिकचे हलके गोळे भरून वर काढले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु डोनाल्ड डकची कथा आधीच प्रसिद्ध झाल्याच्या कारणाने क्रॉयर यांना एकस्व नाकारण्यात आले, ही वारंवार सांगितली जाणारी आख्यायिका सिद्ध करणारा कागद उपलब्ध नाही. दोन सत्यांना जोडणारा दुवा गोड असला म्हणजे तो खरा ठरत नाही. माहितीचा संग्रह करणारा आणि तिची छाननी करणारा यांतील भेद येथेच सुरू होतो.

६. मराठी अभ्यासाच्या संदर्भात

एका नावाखाली अनेक कर्ते नांदण्याचा प्रश्न मराठी संशोधनाला नवा नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा व इतर ‘नामा’ मुद्राधारकांचे अभंग मिसळले असल्याने त्यांची वर्गवारी करण्यासाठी संशोधकांना मोठे परिश्रम घ्यावे लागले. डिझ्नींच्या नावाखाली झाकलेले बार्क्स आणि मार्जच्या नावाखाली झाकलेले स्टॅन्ली यांचा प्रश्न तत्त्वतः त्याच जातीचा आहे. भेद आहे तो हेतूचा. भक्तिपरंपरेत नाममुद्रा ही श्रद्धेची व परंपरेशी एकरूप होण्याची खूण असू शकते. येथे ती व्यापारी स्वामित्वाची खूण होती. परंतु दोन्हीकडे उत्तरकालीन वाचकाला शैली, आशय आणि कागदपत्रे यांची सांगड घालावी लागते.

मराठी बालवाचनाच्या इतिहासातही असे रिक्त कोपरे आहेत. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली सुरू केलेले ‘आनंद’, १९५२ पासून मराठीत येऊ लागलेला ‘चांदोबा’ आणि १९७१ साली निघालेले ‘किशोर’ यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाचते केले. त्यांपैकी ‘चांदोबा’ हा मद्रासहून अनेक भाषांत निघणाऱ्या ‘चंदामामा’चा मराठी अवतार. त्यातील कितीतरी कथा मुळात तेलुगूत कोडवटिगंटी कुटुंबराव व दासरी सुब्रह्मण्यम यांनी, बहुतांशी निनावी राहून लिहिल्या होत्या. विक्रम आणि वेताळाची चित्रे ‘शंकर’ या सहीमुळे मराठी वाचकांच्या स्मरणात राहिली, पण कथेला सही नव्हती. ज्या कथांनी मराठी मुलांची कल्पनाशक्ती घडविली, त्यांचा कर्ता कोण आणि त्यांना मराठी रूप देणारा कोण, हे प्रश्न बालसाहित्याच्या इतिहासात रीतसर विचारले जाण्याची आवश्यकता आहे. ‘किशोर’चे जुने अंक आता संगणकावर वाचावयास मिळतात, ही या दृष्टीने मोलाची सोय होय. तथापि उपलब्धता म्हणजे अभ्यास नव्हे. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने (१९४४, १९६१) मराठी ग्रंथांसाठी जे केले, त्या धर्तीवर बालनियतकालिकांतील लेखक, अनुवादक, चित्रकार व विनोदी सदरे यांची अंकवार सूची झाली, तरच पुढील चिकित्सा शक्य होईल.

समारोप

अमेरिकन बाल-हास्यचित्रकथांच्या पुनर्शोधातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, बालवाचकाची रसिकता ही संशोधनाचे आरंभस्थान होऊ शकते. नावाच्या आधी गुण ओळखला गेला, हे बार्क्स यांच्या उदाहरणाने सिद्ध होते. दुसरी, शैलीचा पुरावा आवश्यक असला तरी सामूहिक निर्मितीत तो पुरेसा नसतो. लुलूच्या कथांत कर्तृत्व रेषेत नव्हे तर रचनेत शोधावे लागले. तिसरी, साक्षीदार मर्त्य असतात. बार्क्स यांना वयाच्या साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर पहिले पत्र मिळाले आणि ते पुढे चाळीस वर्षे जगले, म्हणून त्यांच्या कथांमागील घडण नोंदली गेली. कार्लसन यांना ते भाग्य लाभले नाही. मराठी बालनियतकालिकांसाठी एके काळी लिहिणारी, अनुवाद करणारी, चित्रे काढणारी जी वृद्ध मंडळी आज हयात आहेत, त्यांच्याकडे जाऊन कोणत्या अंकात कोणी काय लिहिले हे टिपून घेणे, हे या क्षेत्रातील सर्वांत निकडीचे काम आहे. सूची पुढेही करता येईल. या मुलाखती मात्र पुढे ढकलता येणार नाहीत.